डावीकडची तार

ठकीच्या आईचा सगळा जन्म कुलपांत गेला होता. नवरा-बायकोचं मिळून दुकान होतं, किल्ल्या करून देण्याचं आणि अडलेली कुलपं उघडून देण्याचं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं. पुढं बोटांचे सांधे धरले, कानस हातात ठरेना, तेव्हा एक दिवस तिनं दुकानालाच कुलूप घातलं आणि घरी येऊन बसली. दूरच्या शहरात राहणाऱ्या ठकीला मग फोनवर रोज तेच ऐकू यायचं. "काय करणार? भिंती बघते."

ठकी कृत्रिम दात बनवायची. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे न्याहाळायचे, डावी बाजू उजवीशी जुळते का ते बघायचं, आणि संध्याकाळी डोकं हलकं करायला ठोकळ्यांचा खेळ खेळायचा. पडद्यावर एक अफाट मोकळं जग असतं. ठोकळे फोडायचे, रचायचे, घरं बांधायची, आणि हौस असेल तर लाल भुकटीच्या तारा ओढून यंत्रंही करायची. सुट्टीत घरी गेली असताना तिनं आईला हा खेळ दाखवला. आईनं नाक मुरडलं. "या वयात मी भातुकली मांडू?" मग ठकीनं तिला खेळातलं एक लोखंडी दार दाखवलं आणि सहज म्हणाली, "याला कुलूप मिळत नाही. हवं असेल तर आपलं आपण बनवायचं."

तेव्हापासून भिंती बघणं बंद झालं.

दर रविवारी सकाळी दोघी आपापल्या घरी कानांवर हेडफोन चढवून त्या एकाच जगात उतरायच्या. आईनं खेळात स्वतःचं नाव कुलपीणबाई ठेवलं होतं. तिनं तिथं नाना तऱ्हांची कुलपं केली, आणि त्या सगळ्यांत तिचा जीव जडला तो एका चपट्या, करड्या तुकड्यावर. खेळणारे त्याला कम्पॅरेटर म्हणतात. आई तराजू म्हणायची.

या तराजूचं काम ती ठकीलाच समजावून सांगायची, जणू खेळ घरात तिनंच आणला होता. "हे बघ, लाल तारेतून जोर येतो तो शून्यापासून पंधरापर्यंत. तराजूच्या पाठीमागून एक जोर येतो. शिवाय डाव्या-उजव्या कुशीतून येऊ शकतात. तराजू एवढंच बघतो, की पाठीमागचा जोर कुशीतल्या जोराहून कमी तर नाही ना. बरोबरीचा असला तरी चालेल, तो आहे तसा पुढं सोडणार. पण एक जरी कूस वरचढ झाली, की याचं तोंड बंद."

"आणि पुढचा बारका दिवा लावला की?" ठकी मुद्दाम विचारायची.

"की वजाबाकी. पाठीमागच्यातून कुशीतला मोठा आकडा वजा, उरेल ते पुढं. शिवाय पेटीला पाठ लावून ठेव, पेटी किती भरलीय तेही सांगतो. रिकामी असली तर शून्य, गच्च असली तर पंधरा." मग थोडं थांबून ती म्हणायची, "तुझ्या बाबांपेक्षा शहाणा आहे. दोन्हीकडचं ऐकून घेतो, मग बोलतो."

त्या रविवारी त्या तीन पेट्यांचं कुलूप करत होत्या. मधल्या पेटीचा जोर मुख्य तराजूच्या पाठीत जायचा, उजव्या पेटीचा उजव्या कुशीत, डावीचा डाव्या. पाठीमागचा जोर दोन्ही कुशींना पुरून उरला, तरच दार उघडणार. मधली पेटी आणि उजवी बाजू आदल्या रविवारी झाली होती. आज डावीकडची राहिली होती. आई तार ओढता ओढता शेजारणीबद्दल कुरकुरत होती. खालच्या मजल्यावर पोहायला शिकवणारी एक तरुण मुलगी राहायची. आई तिला मासोळी म्हणायची. मासोळीच्या छतात वरून पाणी गळलं, त्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि आई तिच्याशी बोलत नव्हती.

"जिन्यात भेटली तर हसते वर. मी बघतच नाही."

"आई, गळती आपल्या नळाची होती."

"म्हणून काय झालं?"

तार पुरी झाली. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आई खुशीत होती. "थांब, चहा टाकते. जरा केसही आवरते, झिंज्या झाल्यात नुसत्या," ती म्हणाली आणि हेडफोन काढून ठेवल्याचा खडखडाट ऐकू आला. ठकीही उठली. तिनं आपल्यासाठी कॉफी केली, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं, परत येऊन बसली. आईला बराच वेळ लागला. ती परत आली तेव्हा ठकीनं चाचणी म्हणून डाव्या पेटीत ढीगभर दगड ओतले. डावीकडची तार भगभगीत लाल झाली आणि दार खटकन बंद झालं. हवं होतं ते बरोबर झालं.

"हे का मिटलं?" आईनं विचारलं.

"मी दगड टाकले ना. डावीकडून आता नऊ येतात. मागे सहाच आहेत."

"मागे सहा, उजवीकडे चार. मग दार उघडंच राहायला हवं."

"आणि डावीकडे नऊ."

"डावीकडे काही नाहीये, ठके."

ठकी हसली. आईची थट्टा करायची रीत अशीच होती, चेहरा न हलवता. पण आई थट्टा करत नव्हती. कुलपीणबाई तराजूपुढं उभी होती आणि तो उचकटून पुन्हा बसवत होती. एकदा, दोनदा, तीनदा. "खराब निघाला," ती पुटपुटली. शब्द जरा ओले वाटले, तोंडात घास असल्यासारखे.

"खातेस का काही?"

"नाही."

ठकीनं कॉफीचा कप बाजूला ठेवला. "आई, जिथं उभी आहेस तिथंच डावीकडे वळून बघ बरं."

कुलपीणबाई जागची हलली नाही. "बघितलं. भिंत आहे."

"तू वळलीच नाहीस."

"वळले की."

हे काय चाललंय ते ठकीला कळत नव्हतं, पण काहीतरी चाललं होतं. आवाज शक्य तितका साधा ठेवून ती म्हणाली, "बरं, मग उजवीकडे वळ. वळतच राहा, मी सांगेपर्यंत."

कुलपीणबाई उजवीकडे फिरू लागली. दार गेलं, उजवी पेटी गेली, पाठीमागची भिंत गेली. फिरता फिरता तिचं तोंड डावीकडच्या तारेकडे आलं आणि ती थबकली.

"अगं, ही तार कुठनं आली?"

"तूच टाकलीस, आई. आत्ता, चहाच्या आधी."

"हो का?" ती विचारात पडली. मग पुन्हा तराजूकडे तोंड करून उभी राहिली, आणि ठकीच्या कानात तिचा शांत, किंचित चिडका आवाज आला. "गेली बघ परत."

ठकीनं मोबाइल उचलला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आई नको म्हणाली, मग बडबडत उचलला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग आईचा चेहरा. उजवीकडचे केस चापूनचोपून बसवलेले होते, कानामागं पीन सुद्धा. डावीकडचे तसेच्या तसे, उशीवरून उठल्यासारखे पिंजारलेले. अंगातल्या स्वेटरची एक बाही घातलेली, दुसरी खांद्यावरून लोंबत होती. आणि ओठ. ठकीचा धंदाच तोंडाचा. डावीकडचा कोपरा खाली आला होता, अगदी थोडा, दुसऱ्या कुणाला कदाचित दिसलाही नसता.

"केस नाही विंचरलेस का?" ठकीनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"विंचरलेत की. आंधळी झालीस का?"

"आई, डावा हात वर कर."

आईनं काहीच वर केलं नाही. "केला," ती म्हणाली.

ठकीनं आईला सांगितलं की फोन ठेवू नकोस, खुर्चीतून उठू नकोस, आणि लॅपटॉपवरून तातडीच्या सेवेचा नंबर फिरवला. तो तिच्याच शहराला लागला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती, ठकी आईचा पत्ता सांगत होती, आणि ती बाई म्हणत होती की हा भाग आमच्याकडे येत नाही. "मग कुणाकडे येतो? जोडून द्या, बाई, माझ्या आईला अर्धांगाचा झटका आलाय, ती एकटी आहे." जोडून देईपर्यंत कानात एक गुळगुळीत धून वाजत राहिली. मोबाइलच्या पडद्यावर आई, फोन टेबलावर टेकवून, थंड झालेला चहा पीत होती. चहा हनुवटीवरून ओघळत होता आणि तिला पत्ता नव्हता.

"कुणाशी बोलतेस?" तिनं विचारलं.

"तुझ्याकडे माणसं पाठवतेय. ॲम्ब्युलन्स."

"कशाला? मला काय झालंय?"

हेच ठकीला सगळ्यात भयंकर वाटलं. आईला काहीच झालेलं नव्हतं. अर्धं जग पुसलं गेलं होतं आणि पुसल्याची खूणही राहिली नव्हती.

गाडी निघाल्याचं कळलं तेव्हा दुसरी धास्ती उभी राहिली. दार. आईच्या घराचं दार म्हणजे सगळ्या गल्लीत चेष्टेचा विषय होता. जाड लाकूड, आतून पोलादी पट्टी, वर बोल्ट, मध्ये साखळी, आणि चौकटीच्या डाव्या अंगाला तिनं स्वतः घडवलेली जाडजूड कडी. बाहेरून फोडायचं म्हटलं तर अर्धा दिवस जाईल, असं ती अभिमानानं सांगायची.

गळतीच्या भांडणानंतर आईच्या वतीनं माफी मागायला म्हणून ठकीनं मासोळीचा नंबर मिळवला होता. तो आता लावला. वाजून वाजून बंद झाला. रविवारची सकाळ, ती तलावावर असणार, फोन कपाटात. ठकीनं निरोप टाकला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. अखेर मासोळीचाच फोन आला. धापा टाकत तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या मला दार उघडतील?"

"माहीत नाही," ठकी म्हणाली. "तू ये."

मासोळी आली तेव्हा गाडी अजून पोचली नव्हती. दारावर थाप पडली तशी आईचं तोंड आंबट झालं. "तिला कशाला बोलावलंस? मी नाही उघडायची."

"आई, माझ्यासाठी उघड. नंतर वाटेल तेवढं भांड."

आई उठली. खरं तर तिनं उठू नये असं ठकीला वाटत होतं. उठताना डावा पाय नीट टेकला नाही आणि ती टेबलावर रेलली. फोन उजव्या हातात होता. पडद्यावर फरशी, भिंत, फोटोची चौकट, पुन्हा फरशी असं हेलकावत गेलं. "भिंतीला धरून चाल. उजव्या हाताची भिंत. सावकाश." ठकी उभी राहून बोलत होती आणि तिचा स्वतःचाच हात भिंतीवर टेकलेला होता. दार आलं. आईनं फोन वरच्या खिशात सरकवला, तेव्हा पडद्यावर फक्त दाराचं लाकूड उरलं. बोल्ट सरकल्याचा आवाज आला. साखळी निघाली. मग काहीच नाही.

"कडी काढ, आई."

"कडी नाहीये."

"तूच बसवलीस ती."

"कुणीतरी काढून नेली," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती आली. "ठके, कडी चोरीला गेली. दाराला कडीच नाही."

बाहेरून मासोळी ओरडून सांगत होती, "काकू, डावीकडे आहे, डावीकडे बघा," आणि त्याचा काही उपयोग नव्हता. डावीकडे नावाची जागाच आईपाशी राहिली नव्हती. ठकीच्या डोळ्यांपुढं मघाची कुलपीणबाई आली, फिरता फिरता तारेपाशी थबकलेली.

"आई, माझं ऐक. दाराला पाठ लाव. टेक त्याच्यावर. आता पाय न उचलता, फरशीवरून घासत, उजवीकडे वळ. थांबू नको. वळतच राहा."

पडद्यावर खोली सरकू लागली. टेबल, त्यावर उघडा लॅपटॉप, खिडकी, बुटांचं कपाट. आईचा श्वास ऐकू येत होता. एकदा ती अडखळली आणि खांदा कशावर तरी आपटला. ठकीनं डोळे मिटून घेतले, उघडले. "वळ, आई. अजून थोडं." मग चौकटीचा कोपरा दिसला आणि त्यावरची काळी, तेलकट कडी.

"ही बघ," आई म्हणाली. "इथं लपवलीय."

तिचा उजवा हात कडीवर गेला. लोखंडाचा आवाज ठकीनं आयुष्यभर ऐकला होता, पण एवढा वेळ लागलेला कधी ऐकला नव्हता. दार आत ढकललं गेलं, ओल्या केसांची मासोळी आत शिरली आणि तिनं पडत्या आईला दोन्ही काखांत धरलं, पाण्यातून ओढून काढावं तसं. फोन खिशातून निसटला. त्यानंतर ठकीला छत तेवढं दिसत होतं आणि आईचं कुरकुरणं ऐकू येत होतं. "भिजवलंस मला. सगळी भिजवलीस."

गाडी आली. मासोळी आईबरोबर गाडीत बसली. ठकीनं पिशवीत हाताला येतील ते कपडे कोंबले. पण स्टेशनवर पळायच्या आधीच मासोळीच्या नंबरावरून फोन आला आणि पलीकडे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना वेळ नव्हता हे आवाजातच कळत होतं.

"मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकलीय. स्कॅन केलाय, रक्तस्राव नाही. गाठ विरघळवायचं औषध देता येईल, पण ते सुरुवात झाल्यापासून काही तासांच्या आतच. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या शेवटच्या धडधाकट कधी होत्या? नक्की सांगा."

"साडेदहाला. चहाला उठली तेव्हा."

"तुम्ही समोर होतात?"

"नाही. आम्ही खेळत होतो. संगणकावर."

"केस एकाच बाजूचे विंचरलेले आहेत. स्वेटर एकाच बाहीत. माणसं हे सकाळी उठल्यावर करतात. झटका झोपेतच आला असेल, तर हे औषध मी देऊ शकत नाही. मला खात्री हवी."

ठकी पिशवी धरून खोलीच्या मधोमध उभी होती. केस. चहाला जाताना आई केसांबद्दल काही म्हणाली होती. म्हणाली होती ना? का मागच्या रविवारी म्हणाली होती? जितकं आठवायला जावं तितकं ते निसटायला लागलं. चुकीचं सांगितलं तर आपल्याच शब्दानं आईच्या डोक्यात रक्त सांडणार, आणि नाही सांगितलं तर उपाय हातचा जाणार. जीव असा टांगणीला लागलेला तिनं कधी अनुभवला नव्हता.

लॅपटॉप उघडाच होता. खेळ चालूच होता. कुलपीणबाई तराजूपुढं उभी होती, कुणी हलवायला नसल्यामुळं पुतळ्यासारखी. ठकी खाली वाकली. डावीकडची तार. ती आज घातली, आजच. मागच्या रविवारी ती बाजू मोकळी होती. पण घातली कुणी? दोघी काम करत होत्या. काही ठोकळे तिनंही ठेवले होते. तिनं जवळ जाऊन तारेखालची जमीन पाहिली. स्वतः ठकी हातात येईल त्या लाकडावर तार टाकायची. आईला ते खपायचं नाही. ती आधी घासलेल्या करड्या दगडाची सरळ पट्टी मांडायची, मग तीवर भुकटी. पेटीपासून तराजूच्या डाव्या कुशीपर्यंत सगळी पट्टी करडी होती. एकही ठोकळा वाकडा नव्हता. दोन वळणं होती, दोन्ही बिनचूक.

"डॉक्टर," ती म्हणाली. "आज सकाळी नऊनंतर तिनं खेळात एक काम केलं. सगळं डाव्या हाताच्या बाजूला. मी बघत होते, आणि आत्ता ते माझ्यासमोर आहे. चहाहून परत आल्यावर तेच काम तिला दिसेना. मी दाखवलं तरी दिसेना. डावी बाजू झोपेतच गेली असती, तर हे तिला करताच आलं नसतं. चहाला उठताना ती केस आवरते म्हणाली होती. केस तेव्हाच विंचरलेत."

"तुम्हाला याची खात्री आहे?"

"आहे."

"ठीक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

प्रवास संपता संपेना. गाडीत समोरच्या बाकावरचं जोडपं सफरचंद कापून खात होतं, कुणीतरी घोरत होतं, आणि ठकी प्रत्येक स्टेशनवर फोन बघत होती. खात्री आहे असं ती म्हणाली होती, आणि आता तीच खात्री आतून कुरतडत होती. त्या करड्या पट्टीतला एखादा ठोकळा आपण ठेवला नसेल ना? तिची नक्कल करून ठेवायची सवय आपल्याला लागली नसेल ना? मासोळीचे निरोप येत होते, लहान लहान. औषध सुरू केलंय. अजून तसंच आहे. झोपल्यात. मग बराच वेळ काहीच आलं नाही. ठकीनं लिहिलं, काही कळलं का, आणि ते पुसून टाकलं, कारण उत्तराची भीती वाटली.

संध्याकाळी ती वॉर्डात पोचली. मासोळी दाराशी खुर्चीवर बसली होती, केस वाळून ताठ झालेले. "जाग्या आहेत," ती म्हणाली. "मला दोनदा शिव्या दिल्या."

ठकी पलंगापाशी गेली आणि आईच्या डाव्या खांद्याजवळ उभी राहिली. आईची मान पलीकडे, खिडकीकडे वळलेली होती. ठकीनं हाक मारली. आईचे डोळे खिडकीच्या बाजूलाच शोधू लागले, पडद्याच्या मागं, नळ्यांच्या पलीकडं. "कुठून बोलतेय ही?" तिनं नर्सला विचारलं. नर्सनं ठकीला दंडाला धरून पलंगाला वळसा घालायला लावला. आईनं तिला पाहिलं आणि म्हणाली, "एवढा उशीर?" शब्द स्वच्छ होते. ठकीनं तोंड फिरवून घेतलं.

गाठ विरघळली होती, सगळी नाही, पण बरीचशी. डोक्यात रक्त सांडलं नव्हतं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की वेळेत झालं, आता पुढचं काम लांबचं आहे. आणि ते लांबचंच निघालं. आईला घरी आणलं, ठकीनं रजा वाढवत नेली. आई ताटातलं अर्धंच जेवायची आणि उरलेलं दिसत नाही म्हणून कमी वाढल्याची तक्रार करायची. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजवीकडे कोंबायची. चपला घालताना एक पाय अनवाणीच राहायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईनं मासोळीलाही शिकवून ठेवलं होतं, की नेहमी डावीकडून बोलायचं, चहा डावीकडे ठेवायचा, कीव करायची नाही. मासोळीला कीव येण्याचा प्रश्न नव्हता. दोघी गळतीवरून पुन्हा जोरात भांडत होत्या, आणि आई भांडताना मान वळवून तिच्याकडे बघायची, म्हणून ती बाई म्हणाली, भांडू द्या.

हळूहळू ताट पुरं संपू लागलं. दमली की मात्र डावीकडचं पुन्हा पुसट व्हायचं. ठकीनं दोन-तीनदा विषय काढला, की माझ्याकडे चल, निदान काही महिने. आईनं तो विषय बसू दिला नाही. "तुझ्या घराचं दार बघितलंय मी. पुठ्ठा आहे पुठ्ठा."

मग एक सकाळ आली, जेव्हा व्यायामाच्या बाईंनी सांगितलं की आज त्यांना एकटीला रस्ता ओलांडून दुकानात जाऊ द्या. मागून यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. रस्ता फार मोठा नव्हता, पण दोन्हीकडून वाहता होता, आणि सायकली तर आवाजही न करता येत. आईनं स्वेटर घातला, दोन्ही बाह्या तपासल्या, पिशवी घेतली.

ठकी फाटकाशी उभी राहिली. शेजारी मासोळी. आई पदपथाच्या कडेला पोचली आणि थांबली. तिनं उजवीकडे पाहिलं. एक टेम्पो गेला. उजवीकडे रस्ता मोकळा झाला आणि तिनं एक पाऊल खाली टाकलं. डावीकडून एक सायकलवाला उतारावरून वेगात येत होता. ठकीचं तोंड उघडलं. मासोळीनं तिचं मनगट करकचून धरलं. आईचं पाऊल रस्त्यावर तसंच राहिलं. मग मान वळू लागली, जड काहीतरी ढकलावं तशी, सरळ, मग अजून थोडी, मग पूर्ण डावीकडे. तिनं पाऊल मागं घेतलं. सायकल गेली. आई रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

ठकी खाली पायरीवर बसली. काही वेळानं आई दुकानातून बाहेर पडली, थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि परत आली. पिशवीत अंडी होती, पाव होता, काड्यापेटी होती. ती ठकीपाशी उभी राहून एकेक वस्तू चाचपत होती.

"साबण राहिला," ती म्हणाली.

"मी आणते," ठकी उठली.

"बस तू." आईनं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा पदपथाच्या कडेकडे निघाली. ठकीनं मासोळीचा हात शोधला. रस्त्यावर आता मघापेक्षा जास्त गाड्या होत्या.